आजी फाटकाबाहेर बसायची: घरच्यांना आत घेणाऱ्या संस्थांची गोष्ट

चारभिंती

परवा आईचं कपाट आवरताना जुन्या कागदांची पिशवी निघाली. लाइट बिलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आणि त्यांच्या मधोमध मामाची फाइल. पहिला कागद १९८३ चा, मॅजिस्ट्रेटच्या सहीचा: सदर इसमास मनोरुग्णालयात दाखल करून घ्यावे. अर्जदार म्हणून खाली आजीचा अंगठा. शाई इतकी जास्त लागलीय की रेषा दिसतच नाहीत, नुसता निळा ठिपका.

मामा आयटीआय करून साखर कारखान्यात फिटर होता. चोविसाव्या वर्षी बोलायला लागला की मुकादम आपल्या डब्यात काहीतरी टाकतो. मग डबा नेणं बंद. मग रेडिओवाले आपलं नाव घेतात म्हणून रेडिओ विहिरीत. आजीनं पहिल्यांदा काय केलं असेल ते सातारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. एका देवस्थानाला सात अमावास्या झाल्या, दोन कोंबडी गेली, आणि शेवटी थोरल्या मामानं वकील गाठून कोर्टाचा कागद करून घेतला.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांबद्दल आकस नाही, माणसं कमी आणि पेशंट ढीगभर. पण आजीची एक गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. महिन्यातून एकदा ती दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून पहिल्या एसटीनं निघायची. फाटकावरचा माणूस फडकं आत न्यायचा आणि रिकामं फडकं आणून द्यायचा. कधी पाच मिनिटं भेट व्हायची, कधी नाही. मग ती फाटकाबाहेर झाडाखाली दुपारच्या गाडीपर्यंत बसायची. मामानं दशम्या खाल्ल्या की नाही हे तिला सहा वर्षांत कधी कळलं नाही. पोराला काय झालंय, हेही कुणी सांगितलं नाही. "डोकं फिरलंय" एवढंच, आणि ते तिला सातव्या अमावास्येआधीही माहीत होतं.

आजाराचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं ते २००० च्या आसपास, साताऱ्यात, पेशंटच्या घरच्यांच्या एका बैठकीत. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. डॉक्टरांनी फळ्यावर 'स्किझोफ्रेनिया' लिहिलं. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, "तुमच्या पोराला बी ह्येच हाय का?" ती हो म्हणाली. आई सांगते, येताना आजी एसटीत खिडकीशी बसून पहिल्यांदा गप्पा मारत आली.

संस्थांचा इतिहास आपण नेहमी संस्थापकांच्या बाजूनं वाचतो. मला तो फाटकाच्या बाहेरच्या बाजूनं लिहायचाय. आजाऱ्याच्या घरच्यांना आत घ्यायचं हे आपल्याकडे कुणी, कधी सुरू केलं? जेवढं माहीत आहे तेवढं खाली लिहितो. सातारा-सांगलीकरांनी भर घालावी.

कृष्णामाई

वाचताना घसा दाटला. आमच्या सांगलीकडं 'मिरजेला नेलं' म्हटलं की झालं, कोणताही आजार असो. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून ही सवय लागलीय. रेल्वेनं कर्नाटकातून, कोकणातून लोक येत. पण पोटाचं ऑपरेशन करायला मिरजेला नेलेला माणूस गावात अभिमानानं सांगायचा, टाके दाखवायचा. डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असेल तर घरचे म्हणणार, "डोळे तपासायला गेलो होतो." माझ्या चुलत आत्याचे डोळे असे वीस वर्षं तपासत होते!

पुढचं लवकर लिहा.

निवृत्त_तलाठी

लेख चांगला आहे, पण देवस्थानाची ओळ खटकली. ज्या काळात तुमची आजी अमावास्या करत होती त्या काळात तालुक्याला मानसोपचाराचा डॉक्टर सोडाच, गोळीसुद्धा मिळत नव्हती. देवळाच्या ओसरीवर वेड्या माणसाला कुणी हाकलत नव्हतं, दोन वेळचा प्रसाद मिळायचा, आणि बरोबरच्या बाईला रडायला जागा मिळायची. तुमच्याच भाषेत सांगायचं तर देवस्थानानं घरच्यांना आत घेतलं होतं. फाटक सरकारनं लावलं.

बांधून ठेवणं, मारणं याचं समर्थन करत नाही. पण सगळं एका फटक्यात निकालात काढू नका.

चारभिंती

तलाठीसाहेब, मान्य. ओसरीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि तो बरोबर आहे. आजी देवस्थानाबद्दल शेवटपर्यंत वाईट बोलली नाही, फक्त कोंबड्यांचा हिशेब सांगायची.

आता इतिहास. हे तुमच्या ओसरीच्या मुद्द्याला धरूनच आहे.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर अधीक्षक होते. रुग्णालय खच्चून भरलेलं. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटबरोबर घरच्यांनाही राहायला लावलं. आई पोराला भरवते, बाप औषध कसं द्यायचं ते शिकतो, संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांना बसवून बोलतात. पेशंट लवकर घरी जायला लागले, कारण घरी काय करायचं ते घरच्यांना आता ठाऊक होतं. १९५७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही मानसोपचाराच्या केंद्रात नातेवाइकांना पेशंटसोबत ठेवायची पद्धत आणली. परदेशातली माणसं हे बघायला यायची. तिकडं मनोरुग्णालय म्हणजे घरापासून लांब, हीच रीत होती.

याच दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं. फ्रान्समध्ये १९५२ साली ते पहिल्यांदा मानसिक आजारावर वापरलं गेलं. नुसत्या तंबूंनी हे झालं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. गोळीनं आवाज आणि संशय आटोक्यात आले, तेव्हा कुठं माणसाला घरी ठेवणं शक्य झालं.

आपल्याकडं हे यायला पुढं तीस वर्षं गेली. अनिल अवचटांनी पुण्यातल्या गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. तिथं झाडलोटीपासून सगळी कामं पेशंटच करतात, आणि बरे झालेले कितीतरी जण पुढं तिथंच कामाला लागले. आमच्या पेठेतले एक काका साताऱ्याहून तिथं गेले आणि परत आले ते पांढरा शर्ट घालून. आई म्हणायची, त्यांना पांढऱ्या शर्टात पहिल्यांदाच बघितलं.

मुक्तांगण दारूचं आणि गर्दचं. मामासारख्यांच्या आजारासाठी पुण्यात १९९७ मध्ये 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' निघाली. ती काढली डॉ. जगन्नाथ वाणींनी. ते डॉक्टर होते ते संख्याशास्त्रातले, कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात शिकवायचे. पत्नीला हा आजार होता. म्हणजे ही संस्था एका नवऱ्यानं काढली, आणि माझ्या मते तिचा सगळा स्वभाव तिथूनच आला. या मंडळींमध्ये 'पेशंट' म्हणत नाहीत, 'शुभार्थी' म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. मला आधी हे शब्द जरा सजवलेले वाटले होते. मग लक्षात आलं, आजीला तोवर काही नावच नव्हतं. फाइलमध्ये ती फक्त 'अर्जदार'.

आणि आपल्या साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, साताऱ्यात दहा-बारा वर्षं दवाखाना चालवला, मग पूर्णवेळ सामाजिक कामात उतरले. अंधश्रद्धा निर्मूलन समिती सगळ्यांना माहीत आहे, ती १९८९ ची. 'परिवर्तन'चं व्यसनमुक्तीचं काम त्या मानानं कमी बोललं जातं. अंगात येणं, भूत लागणं असल्या प्रकरणांत खोलवर गेलं की पुष्कळदा तळाशी आजार निघतो. मग समितीवाल्यांना मानसिक आरोग्याकडं वळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, असं मला वाटतं. मुलगा डॉ. हमीद मानसोपचारतज्ज्ञ झाला. पुढं 'मानसमित्र' ही कल्पना आली: गावातल्याच माणसाला थोडं प्रशिक्षण द्यायचं, त्यानं ऐकून घ्यायचं, ओळखायचं आणि डॉक्टरपर्यंत पोचवायचं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काम बंद पडलं नाही.

ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था (१९९०, डॉ. आनंद नाडकर्णी) राहिली, पण तिच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असणारे इथं आहेत.

कासची_फुलं

+१. एक भर घालते. मुक्तांगणात बायकांचा 'सहचरी' गट आहे, तो लिहायला हवा होता. दारू नवरा पितो आणि उपचार फक्त त्याच्यावर होतात, हे तिथं मोडलं. माझ्या मावशीला गटात सांगितलेलं एक वाक्य पाठ आहे: बाटली लपवू नका, ओतू नका, आणून तर मुळीच देऊ नका. तोवर ती पंधरा वर्षं लपवत आणि ओतत होती, आणि पाहुणे येणार असले की 'आज तेवढं घरीच बसा' म्हणून आणूनही देत होती.

वार्डातली_बाई

मी कराडकडं एका दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होते. आता घरी आहे म्हणून वेळ आहे टंकायला.

अंगात येण्याचा विषय निघालाय म्हणून सांगते. लग्नसराईत किंवा गणपतीत दारूची मंडळी पाय मोडून, नाहीतर पोट दुखतंय म्हणून भरती व्हायची. पहिला दिवस बरा. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम येतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस उठून बसतो आणि अंथरुणातल्या मुंग्या वेचायला लागतो. नसलेल्या मुंग्या! चिमटीत धरून धरून खाली टाकतो. खिडकीत मेलेला बाप दिसतो. एकानं तर सलाइनच्या नळीला बैलाची वेसण समजून रात्रभर धरून ठेवलं होतं आणि "हो, हो, सर्जा" करत होता.

घरचे काय म्हणणार? बाहेरची बाधा. रातोरात डिस्चार्ज घेऊन, जीप करून देवऋष्याकडं. हे दारू एकदम तुटल्यामुळं होतं, आणि यात माणूस दगावतो. फिट येते, ताप चढतो. औषध आहे, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं आहेत, चार-पाच दिवसांत माणूस शुद्धीवर येतो. सुरुवातीला आमच्यातल्याही निम्म्यांना हे माहीत नव्हतं. पुढं व्यसनमुक्तीवाले कार्यकर्ते यायला लागले, ते भरतीच्या वेळीच घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचे: "परवा रात्री हा असं असं बोलेल. घाबरू नका आणि हलवू नका." घडायच्या आधी सांगितल्यामुळं निम्मी लढाई तिथंच व्हायची.

दुसरं, एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या जाहिराती, 'न सांगता दारू सोडवा'. त्यातल्या काही पुड्यांत डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली. डॉक्टर हे औषध देतात, पण माणसाला सांगून, त्याची तयारी असेल तरच. आमटीत कालवून घातलेलं मी तीन वेळा पाहिलंय. तिन्ही वेळा घालणारी बायको होती आणि तिन्ही वेळा ती पलंगाच्या पायाशी बसून थरथरत होती. तिला कुणी ओरडायचं? बाई, तुझं चुकलं, पण तुला विचारलं कुणी आजवर, असं मनात यायचं.

हळदीचं_पोतं

सगळ्या संस्थांचं गोडगोड चाललंय म्हणून जरा तिखट टाकतो. माझ्या धाकट्या भावाला एका 'व्यसनमुक्ती केंद्रात' ठेवला होता. नाव घेत नाही, आता बंदही पडलंय. रात्री जीप आली, चौघांनी उचलून नेला. तीन महिने भेट नाही, फोन नाही, "भेटलात तर तो बिघडेल" म्हणायचे. महिन्याचे पैसे मात्र एक तारखेला. परत आला तेव्हा पाठीवर वळ. डॉक्टर एकदाही पाहिला नाही म्हणाला. दारू आठव्या दिवशी पुन्हा सुरू, आणि त्यानंतर आम्ही कुणावरच विश्वास ठेवला नाही. शुभंकर वगैरे शब्द छान आहेत हो. आमच्या वाट्याला वळ आले.

वकीलीण

हळदीचं पोतं, तुमच्या भावाबरोबर झालं ते बेकायदा होतं. उचलून नेणं, डॉक्टर नसणं, मारहाण, सगळंच. तक्रार करता आली असती, पण तेव्हा तुम्हाला ते सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून बोल लावत नाही.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. चारभिंतींच्या मामांचा १९८३ चा कागद इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याखालचा असणार. त्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं, मराठीत सरळ 'वेडेपणा'. त्याचा सगळा रोख हा की वेड्यापासून समाजाला सांभाळायचं, म्हणून मॅजिस्ट्रेट, म्हणून फाटक. १९८७ मध्ये नवा कायदा झाला, तो अमलात यायला १९९३ उजाडलं. आणि २००१ च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका आसऱ्याला आग लागली. माणसं साखळीनं बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले. तलाठीकाका, ओसरीचा मुद्दा मला पटतो, पण ओसरीच्या मागं कधीकधी साखळी असते.

आताचा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. साखळीला बंदी. भूल न देता शॉक द्यायला बंदी. आजारी माणूस आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' स्वतः निवडतो, तो नातेवाईकच पाहिजे असं नाही. बरा असताना 'मला पुन्हा त्रास झाला तर असे उपचार करा, असे करू नका' हे लिहून ठेवता येतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षेऐवजी उपचार. घरच्यांची एक तक्रार मात्र मी रोज ऐकते: हक्क सगळे त्याला दिलेत, निस्तरायचं आम्ही. ती तक्रार अगदीच खोटी नाही.

आपल्याकडच्या कोर्टात याचं दुसरं टोक दिसतं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण नुसता आजार पुरत नाही, संसार अशक्य व्हावा इतका तीव्र लागतो. तरी नुसत्या चिठ्ठीवर, झोपेच्या गोळीच्या पाकिटावर सुनांना 'वेडी' ठरवायचे अर्ज येतात. फिट्स येणाऱ्यांना तर लग्नालाच अडसर होता, ती अट १९९९ मध्ये काढली. कितीतरी वरपित्यांना अजून माहीत नाही.

केंद्र निवडताना: नोंदणी आहे का विचारा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा, आणि भेटायला येऊ नका म्हणाले की तिथूनच मागं फिरा.

खातेवही

मी अशा दोन-तीन संस्थांचे हिशेब बघतो, कोणत्या ते सोडा. संस्था कशी जगते हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. रूक्ष आहे, पण सोसा.

धर्मादाय आयुक्तांकडं १९५० च्या कायद्याखाली नोंदणी, दरवर्षी ऑडिट, आयकरात देणगीदाराला सवलत हवी म्हणून ८०-जी. इतपत ठीक. व्यसनमुक्ती केंद्राला केंद्र सरकारचं अनुदान असतं, पण ते येतं तेव्हा येतं. तोवर समुपदेशकाचा पगार, स्वयंपाकीणबाई, जागेचं भाडं, गॅस. मी असा मार्च पाहिलाय की संस्थेच्या ताईंनी स्वतःची पाटली ठेवून पगार केले आणि माझ्याकडं येऊन विचारलं, "ही रक्कम कशात दाखवू?" मी 'हातउसने' लिहिलं.

२०१४ पासून कंपन्यांचा दोन टक्क्यांचा पैसा आला, म्हणजे नफ्यातला जो वाटा त्यांना कायद्यानं समाजकामाला द्यावा लागतो तो. चांगलं झालं, पण कंपनीला आकडा लागतो आणि फोटो लागतो. शिबिराचा फोटो निघतो. सहा वर्षं गोळ्या घेऊन शांतपणे पिठाच्या गिरणीवर काम करणाऱ्या माणसाचा फोटो काय काढणार? तो तर फोटोत आमच्या-तुमच्यासारखाच दिसतो. २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला, एका संस्थेनं दुसरीला तो पैसा पुढं द्यायचा नाही असं झालं, आणि मोठ्या संस्थेच्या पंखाखाली चालणारी लहान कामं गपकन थांबली.

म्हणून जी संस्था पंचवीस-तीस वर्षं टिकते तिच्याकडं मी आधी एकच वही मागतो, शंभर-दोनशे रुपयांच्या पावत्यांची. ती जाड असली की संस्था टिकते. त्यातले बरेचसे देणारे जुने पेशंट आणि त्यांच्या घरचे असतात.

सून_नंबर_दोन

वकीलीणताईंच्या शेवटच्या मुद्द्यामुळं लिहितेय. पहिल्यांदाच लिहितेय, चूभूद्याघ्या.

लग्नात मला सांगितलं नव्हतं. पंधराव्या दिवशी सासूबाईंनी ताटाखाली गोळी ठेवलेली दिसली, "व्हिटॅमिनची आहे" म्हणाल्या. सहाव्या महिन्यात त्यांनी व्हिटॅमिन बंद केली, कारण आता लग्न झालंय, तो बरा आहे! पुढचं सांगत बसत नाही.

वाईहून साताऱ्याला आम्ही सल्ला केंद्रात गेलो. सासूबाई बोलायला लागल्या. तिथल्या ताईंनी ऐकून घेतलं, मग त्यांना आणि नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" संसार टिकवा म्हणाल्या नाहीत, सोडा म्हणाल्या नाहीत. घरी जाऊन मी दोन दिवस त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. दुसरं कुणी विचारलंच नव्हतं.

मी घटस्फोट घेतला, संमतीनं. पण नंतर तीन वर्षं त्याच्या महिन्याच्या इंजेक्शनची तारीख मीच सासूबाईंना फोन करून आठवण करून देत होते. लोकांना हे विचित्र वाटतं. मला वाटत नाही. त्या बैठकांना मी आधी एकटी जायचे, नंतर सासूबाईही यायला लागल्या, शेजारी बसायच्या. आता तो बरा आहे असं ऐकते.

हळदीचं_पोतं

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भावाला पुन्हा कुठंतरी दाखवावं म्हणतोय. चारभिंती, साताऱ्यात बैठक अजून असते का?

निवृत्त_तलाठी

वकीलीणबाई, साखळीचं मान्य. आमच्या हद्दीत होती एक. पंचनामा मीच केला होता, आणि घरी येऊन जेवलो नव्हतो. तेव्हा लिहायचं टाळलं, आज लिहिलं.

कृष्णामाई

आत्याच्या डोळ्यांवरून मी वर विनोद केला, त्याची आता लाज वाटतेय. तिची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि आत्याला एकटीच सांभाळते. माहेर-सासर सगळं तीच. बैठकीला तिला पाठवायचं तर सांगलीहून सातारा रोजचं नाही. फोनवर काही आहे का?

चारभिंती

कृष्णामाई, १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. बहिणीला सांगा की आत्यांसाठीच करायला पाहिजे असं नाही, स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

खातेवही, तुमचा प्रतिसाद वाचून पिशवी पुन्हा उपसली. तळाशी पावत्या निघाल्या. पन्नास रुपये, पन्नास रुपये, एकदा शंभर. आजीच्या नावावर. तिला पेन्शन नव्हती, शेळ्या होत्या. आईला विचारलं तर म्हणाली, "बोकड विकला की द्यायची. आम्हाला सांगायची न्हाई."

आणखी एक वही आहे, शाळेची, शंभर पानी, चौकटींची. तारखा आईच्या हातच्या. पुढं आजीनं पेन्सिलीनं ओढलेल्या उभ्या काड्या, सकाळच्या गोळीला एक आणि रात्रीच्याला एक. कधी एक काडी कमी असेल तिथं शून्य. महिन्यातून एकदा फुली, ते इंजेक्शन. बैठकीत कुणीतरी अशी वही ठेवायला सांगितलं होतं म्हणे, तिनं आईकडून चौकटी समजून घेतल्या. सहा वर्षांच्या काड्या आहेत. २००६ च्या पावसाळ्यात आजी गेली, तिथून पुढं काड्या वाकड्या आणि खूप दाबून काढलेल्या आहेत. त्या मामाच्या. त्यानं पुढं आठ वर्षं गल्लीतले मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त केल्या आणि वही भरत राहिला.

हळदीचं पोतं, बैठक असते. वार आणि जागा इथं उघड्यावर लिहीत नाही, व्यनि (खासगी निरोप) केलाय. भाऊ आला नाही तरी तुम्ही या, तसं चालतं. स्टँडवरून चालत दहा मिनिटं. चहा असतो, जरा गोड असतो.